रेग्युलेशनवर आपण सायंटिस्ट लोकांनी बोलायचं का, कुठे आणि कसं: नाशिक शाखेचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या सायंटिस्ट लोकांच्या सोसायटीच्या नाशिक शाखेत आता टेक्निकल लेक्चरच्या जोडीला रेग्युलेटरी, म्हणजे सरकारी नियमांच्या विषयावर चर्चा सुरू केलीय. त्यावरून तेच तेच प्रश्न येतात, चहाच्या वेळी, पार्किंगमध्ये, रात्री उशिरा फोनवर, म्हणून सगळे एका जागी टाकतोय. उत्तरं माझी आहेत, कमिटीने फक्त शुद्धलेखन बघितलंय आणि तेही अर्धंच.

रेग्युलेटरी हे रेग्युलेटरी डिपार्टमेंटचं काम ना? आम्ही लॅबवाले, आम्हाला कशाला ओढताय?

२०१० चा द्राक्ष सीझन आठवा. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या लोकांना तर सांगायलाच नको. युरोपला गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइड लिमिटच्या वर सापडलं, म्हणजे आपलं सीसीसी, जे खरड छाटणीनंतर वेलीची फोफावणारी वाढ आवरायला लोक वर्षानुवर्षं मारत होते. माल तिकडे अडकला, एक्स्पोर्टर हवालदिल, आणि शेवटी पैसे अडकले ते बागायतदाराचे.

आता ह्यातली मेख बघा. निर्यातीआधी इकडे जी रेसिड्यू टेस्टिंग (मालात उरलेल्या रसायनांची तपासणी) व्हायची त्या यादीत सीसीसी नव्हतंच. आणि एकदम अनेक रसायनं बघणाऱ्या नेहमीच्या मल्टी-रेसिड्यू मेथडमध्ये ते चुकून दिसेल अशीही सोय नव्हती, कारण त्या मॉलिक्यूलवर कायमचा चार्ज असतो, तुम्ही अ‍ॅसिटोनायट्राइलने काढा नाहीतर इथाइल अ‍ॅसिटेटने, ते पाण्याच्या थरात निवांत बसून राहतं. त्याला वेगळी मेथड लागते. म्हणजे आपली मेथड काय पकडत नाही हे अ‍ॅनालिस्टला माहीत, बागेत काय मारतात हे अ‍ॅग्रोनॉमिस्टला माहीत, आणि युरोपातली लिमिट किती हे एक्स्पोर्टचे कागद करणाऱ्याला शोधता येण्यासारखं. तिघांकडे तीन तुकडे, आणि तिघं एकमेकांना फक्त लग्नात भेटणार! नंतर सीसीसी यादीत आलं, ते सगळं झाल्यावर.

हे तिघं एका टेबलाशी बसतील अशी जागा कंपनीत नसते, सरकारी ऑफिसातही नसते. सोसायटीत ती आयती असते, आपण तिचा उपयोग गेस्ट लेक्चर आणि शाल-श्रीफळ एवढाच करतो.

नियम फायनल होऊ दे ना, मग बघू. आत्तापासून डोकं का लावायचं?

ह्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, शेड्यूल एम. औषध कंपन्यांच्या जीएमपीचे (औषध कसं बनवायचं ह्याच्या दर्जाचे) सुधारित नियम डिसेंबर २०२३ मध्ये नोटिफाय झाले, आणि त्यानंतर अंबड, सातपूर, सिन्नरच्या छोट्या युनिटमध्ये जी धावपळ झाली ती सगळ्यांनी पाहिलीय. अडीचशे कोटींच्या वर टर्नओव्हर असेल तर सहा महिने, खालच्यांना बारा महिने, मग अर्ज करणाऱ्या छोट्यांना २०२५ च्या अखेरपर्यंत मुदतवाढ. जो तो म्हणत होता अहो एवढ्या कमी वेळात कसं जमणार. पण त्याचा ड्राफ्ट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला होता! क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट, प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू, कॉम्प्युटराइज्ड सिस्टिम, हे शब्द काही आभाळातून पडले नाहीत. मधल्या पाच वर्षांत किती जणांनी तो उघडून वाचला असेल ह्याचा अंदाज तुम्हीच करा.

ड्राफ्ट असताना विचारलेल्या शंकेला किंमत असते. तीच शंका नोटिफिकेशननंतर विचारली की ती रड होते.

पण सरकार आपलं ऐकणार आहे का? उगाच टाइमपास.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कधी ऐकतं कधी नाही, आणि ऐकलं तरी का ऐकलं ते कळवतीलच असं नाही. पण कायद्यात जागा आहे. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७, कलम २३, ज्या नियमांना आधी ड्राफ्ट छापायची अट आहे तिथे हरकती-सूचना मागवणं आणि त्यांचा विचार करणं बंधनकारक आहे. विचार करणं, मान्य करणं नाही, हे नीट वाचा. केंद्राची २०१४ ची प्री-लेजिस्लेटिव्ह कन्सल्टेशन पॉलिसी पण आहे, त्यात किमान ३० दिवस ड्राफ्ट लोकांसमोर ठेवा म्हटलंय, पाळतात किती तो वेगळा विषय.

उदाहरण घ्या. मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा ड्राफ्ट आला, ऐन लॉकडाऊनमध्ये. हरकतींचा पाऊस पडला, मुदत ४५ वरून ९० दिवस झाली, आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती त्यातल्या मोजक्याच मॉलिक्यूलवर, डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल. हे चांगलं झालं का वाईट ह्यावर आपल्याच शाखेत दोन तट आहेत आणि असू देत. मुद्दा एवढाच की ड्राफ्ट आणि फायनल ह्यात मोठं अंतर पडू शकतं, आणि त्या अंतरात कोण बोलतं ह्याने फरक पडतो. इंडस्ट्री बोलतेच, एनजीओ बोलतात, ज्यांच्याकडे डेटा आहे ते आपण मात्र जर्नलमध्ये पेपर टाकून मोकळे.

म्हणजे हे लॉबिंगच झालं की. इंडस्ट्रीची बाजू घ्यायची.

नाही हो. नियम सैल करा असंच म्हणायचं असतं हे कोणी सांगितलं? १९८६ चं जे.जे. हॉस्पिटल घ्या. ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल (डीईजी) हे विषारी रसायन होतं, १४ पेशंट गेले, चौकशीला लेंटिन कमिशन बसलं. त्यानंतर कफ सिरपने २०२२ मध्ये गांबियातली मुलं गेली, २०२५ मध्ये छिंदवाड्यातली, परत तेच डीईजी, चाळीस वर्षांनी. दिसायला सारखं, चवीला गोड, आणि ०.१ टक्क्याची लिमिट पाळली जातेय का हे गॅस क्रोमॅटोग्राफीवर बघितल्याशिवाय कळत नाही. इथे केमिस्ट लोकांनी एकत्र येऊन म्हणायला पाहिजे की नियम आणखी कडक करा, प्रत्येक ड्रमचं सॅम्पल घ्या, सप्लायरच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. ही पण रेग्युलेटरी चर्चाच आहे.

आणि हितसंबंधांचं म्हणाल तर बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने सांगायचं, मी अमुक क्षेत्रात आहे, ह्या विषयात माझे पैसे किंवा नोकरी गुंतलीय किंवा नाही. एका वाक्यात. सुरुवातीला लोकांना अवघड वाटतं, नंतर सवय होते. ज्याचे हितसंबंध आहेत त्याने गप्प बसावं असं नाही, उलट त्यालाच आतलं सगळ्यात जास्त माहीत असतं, फक्त ऐकणाऱ्याला माहीत असावं की कोण बोलतंय.

मी प्रायव्हेट कंपनीत आहे. बोललो आणि एचआरला कळलं तर?

खरी भीती आहे, हसण्यावारी नेऊ नका, नेणाऱ्यांना पण हे सांगा. आम्ही असं करतो की चर्चेत झालेला मुद्दा बाहेर सांगायला हरकत नाही, पण तो कोणी मांडला आणि तो कुठल्या कंपनीचा ते बाहेर जाणार नाही. ह्याला चॅथम हाऊस रूल म्हणतात, लंडनमध्ये १९२७ पासून आहे, आपण काही नवीन शोधलेलं नाही. मिनिट्समध्ये पण नावं नाहीत, नुसते मुद्दे. फोटो काढायचे ते चहाच्या वेळी.

दुसरं, तुमचा एनडीए (कंपनीशी केलेला गुप्ततेचा करार) आधी वाचा. कंपनीचा व्हॅलिडेशन डेटा, बॅच फेल्युअर, ऑडिटमधली निरीक्षणं, हे काहीही आणायचं नाही. गरजही पडत नाही. फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचं अधिकृत पुस्तक), छापील पेपर, गॅझेट, परदेशी रेग्युलेटरची गाइडलाइन, एवढ्या पब्लिक गोष्टींवर तीन तास सहज भांडता येतं, आम्ही भांडलोय. आणि बॉसला आधीच सांगून ठेवता आलं तर उत्तम, बरेच बॉस हो म्हणतात कारण त्यांनाही ड्राफ्ट वाचायला वेळ नसतो, आपला माणूस वाचून येईल तर बरंच आहे!

मी सरकारी नोकरीत आहे / विद्यापीठात आहे.

सर्व्हिस रूल बघा. केंद्राचे कंडक्ट रूल १९६४ चे, महाराष्ट्राचे १९७९ चे. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका आणि ऑफिसातली माहिती बाहेर देणं ह्या दोन गोष्टी टाळायच्या. टेक्निकल बाजू मांडणं वेगळं, "हे माझं वैयक्तिक मत" म्हणून सुरुवात करा, आणि शंका असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. अनुदानित कॉलेजवाल्यांनी आपापल्या संस्थेत विचारा. सही करायची नसेल तर नका करू, शाखेच्या नावाने जाणाऱ्या कॉमेंटला प्रत्येकाची सही लागत नाही.

एकाच धंद्यातल्या चार कंपन्यांचे लोक एका खोलीत बसले तर कायद्याचा प्रॉब्लेम नाही का?

चांगला प्रश्न, फार कमी लोक विचारतात. कॉम्पिटिशन अ‍ॅक्ट २००२ च्या कलम ३ प्रमाणे किमती ठरवणं, पुरवठा आवळणं, मार्केट वाटून घेणं हे सगळं बेकायदेशीर ठरतं, मग ते सोसायटीच्या बॅनरखाली केलं तरी. त्यामुळे रेट, डिस्काउंट, टेंडर, कोण कोणाला माल देतो, हे शब्द आले की अध्यक्षांनी थांबवायचं. टेस्टिंगचे चार्जेस पण त्यातच. एकदा लॅबवाल्यांचं बोलणं त्या दिशेला सरकायला लागलं तेव्हा अध्यक्ष मॅडमनी सरळ फाइल मिटवली आणि म्हणाल्या, "चला, मिसळ थंड होतेय." विषय तिथेच संपला.

ड्राफ्ट सापडतो कुठे?

ई-गॅझेटवर आणि त्या त्या खात्याच्या साइटवर. औषधं-उपकरणं असतील तर आरोग्य मंत्रालय आणि सीडीएस्को (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), अन्न असेल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण), कीटकनाशकं कृषी मंत्रालयाकडे, जीएम (जनुकीय बदल केलेली) पिकं आणि प्रदूषण पर्यावरण मंत्रालयाकडे. मुदत ड्राफ्टमध्येच लिहिलेली असते, ३०, ४५, ६० दिवस, आणि ती बहुतेक वेळा गॅझेटची प्रत लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात, वर छापलेल्या तारखेपासून नाही. दर सोमवारी हे बघायचं काम आम्ही दोघांना वाटून दिलंय. एकट्याला देऊ नका, तो सिन्नरला बदलून जातो आणि मग कोणीच बघत नाही.

कॉमेंट लिहायची कशी? आमचं म्हणणं असतं पण कागदावर आलं की तक्रार अर्ज वाटतो.

हा सगळ्यात कामाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

समजा एखाद्या ड्राफ्टमध्ये द्राक्षावर एका नवीन रसायनाची लिमिट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ठेवलीय आणि तुम्हाला ती मोजणं अवघड वाटतं. बहुतेक जण लिहितात: "सदर मर्यादा व्यवहार्य नाही, तरी कृपया पुनर्विचार व्हावा ही नम्र विनंती." हे वाचणारा सेक्शन ऑफिसर काय करणार? त्याच्यासमोर अशा ढीगभर विनंत्या आहेत. तो ती फाइलला लावतो आणि पुढे जातो.

आता तेच असं लिहा. आधी क्लॉजचा नंबर. मग ड्राफ्टमधले शब्द जसेच्या तसे. मग तुम्हाला हवे असलेले शब्द, म्हणजे पूर्ण वाक्य, जे उचलून तसंच नियमात टाकता येईल. मग कारण: दहा ग्रॅम सॅम्पल, अमुक छापील मेथड, ह्या पातळीला रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्यातलं किती परत सापडलं) ७० ते १२० टक्के आणि आरएसडी (परत परत मोजल्यावर येणारा फरक) २० टक्क्यांच्या आत यायला पाहिजे असं युरोपची सँटे गाइडलाइन म्हणते, द्राक्षाच्या सॅम्पलमध्ये ह्या रसायनाला ते जमतंय असं दाखवणारा पेपर उपलब्ध आहे किंवा नाही, नसेल तर लिमिट लागू करायच्या आधी मेथड व्हॅलिडेट करायला वेळ द्या. शेवटी, हा बदल नाही केला तर काय होईल ते एका ओळीत, आकांडतांडव न करता. एफएसएसएआयचा तर ह्यासाठी तक्ताच असतो, तोच भरायचा.

एक मात्र, मोजणी आणि सुरक्षितता ह्यांची गल्लत करू नका. मोजता येत नाही हे लिमिट वाढवायचं कारण नाही, टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे शरीराला किती अपाय होतो ते, वेगळं. त्या दिवशी आमच्याकडे एका ज्युनिअर मुलीने हेच विचारलं, की सर आपण म्हणतोय अवघड आहे, पण खाणाऱ्याला किती चालतं ते आपण बघितलंच नाही. सगळे गप्प. मग कॉमेंट दोन भागात गेली.

ज्युनिअर लोक, पीएचडीची पोरं बोलतच नाहीत.

कारण समोर त्यांचे गाइड बसलेले असतात! सीनियरांनी शेवटी बोलायचं, हा नियम केला की निम्मं काम होतं. दुसरं म्हणजे ड्राफ्टचं एकेक पान एकेकाला आधी वाटून द्या, वाचून आलेला माणूस बोलतोच, त्याला गप्प बसवणं अवघड जातं.

इंग्रजीतला कायदा डोक्यावरून जातो. मराठीत चालेल का?

चर्चा मराठीतच करतो. "शॅल" आणि "मे" मध्ये जीव अडकलेला असतो, पहिलं म्हणजे करावंच लागेल, दुसरं म्हणजे करू शकता, एवढं कळलं तरी अर्धा ड्राफ्ट कळतो. लेखी कॉमेंट इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवायची, ते कोणीतरी करून देतं. भाषेचा प्रश्न फक्त आपलाच नाही, २०२० च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या नियमांच्या) ड्राफ्टच्या वेळी दिल्ली हायकोर्टाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा असा आदेश दिला होता.

आमच्यात एकमत होत नाही. मग काय पाठवायचं?

दोन्ही पाठवा. बीटी वांग्याचं (किडीला तोंड देणारं जीएम वांगं) घ्या, २००९ मध्ये जीईएसीने, म्हणजे जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने, हिरवा कंदील दिला, फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी जाहीर सुनावण्यांनंतर स्थगिती दिली, आणि त्या काळात सायंटिस्टही एका बाजूला नव्हते. जीनोम एडिटिंगवर तेच, मार्च २०२२ मध्ये एसडीएन-१ आणि एसडीएन-२ (बाहेरचं जनुक न घालता केलेले बदल) ला जुन्या नियमांच्या काही भागांतून सूट मिळाली, आमच्याकडे एक प्राध्यापक म्हणतात फार उशीर झाला, दुसरे म्हणतात फार घाई झाली, दोघंही शिकवतात तोच विषय. ओढूनताणून एकमत केलं की जे उरतं त्यात काहीच नसतं, "समतोल साधावा" वगैरे. त्यापेक्षा बहुमताचं म्हणणं कारणांसकट, आणि खाली वेगळ्या मताची टीप, तीही कारणांसकट. रेग्युलेटरला त्या खालच्या टिपेचाच जास्त उपयोग होतो असं माझं मत आहे.

रेग्युलेटरला बोलवायचं का?

बोलवायचं, जरूर. एफडीएचं (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) विभागीय ऑफिस नाशिकमध्ये आहे, प्रदूषण मंडळाचंही आहे, लोक येतात, विशेषतः लेक्चर द्या म्हणून नाही तर आमचे प्रश्न ऐका म्हणून बोलावलं तर. अट एकच, कोणीही स्वतःची पेंडिंग फाइल काढायची नाही. "साहेब, आमचं लायसन्स रिन्यूअल..." असं सुरू झालं की ते साहेब पुढच्या वेळी येत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. आणि प्रश्न आधी पाठवा.

शेतकऱ्यांना, बाहेरच्यांना बसू द्यायचं का?

माझं मत हो, कमिटीत अजून चर्चा चालू आहे. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. लेबलवर सगळं लिहिलेलं असतं, हातमोजे घाला, मास्क लावा, पण ते अक्षर किती बारीक आणि ऑक्टोबरच्या उन्हात रबरी हातमोजे घालून कोण फवारणार, हे प्रत्यक्ष ब्लोअर चालवणाऱ्याशिवाय कोण सांगणार? आपले द्राक्ष बागायतदार तर लेबल क्लेम (कुठल्या पिकावर औषध मंजूर आहे), पीएचआय (फवारणी ते काढणी मधले दिवस), एमआरएल (मालात चालणारी रसायनाची लिमिट) हे शब्द आपल्यापेक्षा सराईतपणे वापरतात.

नाशिकमध्ये सायन्समुळे नियम बदलल्याचं काही चांगलं उदाहरण आहे का, सगळी रडगाणीच सांगताय.

आहे की, लासलगाव. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्र) कृषक हे रेडिएशन केंद्र कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभं राहिलं, आणि २००७ मध्ये तिथूनच रेडिएशन देऊन आपला आंबा अमेरिकेला गेला, जवळजवळ अठरा वर्षांनी दार उघडलं. अट होती किमान ४०० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). हा आकडा कुठून आला? किडींवर किती डोस दिला की त्यांची पुढची पिढी होत नाही ह्याचा डेटा जगभरच्या एंटोमॉलॉजिस्टनी वर्षानुवर्षं जमवला, त्यावरून अमेरिकेने २००६ मध्ये जवळपास सगळ्या किडींसाठी एकच जेनेरिक डोस नियमात घातला, फक्त पतंगवर्गाचे कोष आणि प्रौढ सोडून. हा अपवाद पण डेटावरूनच. म्हणजे कोणाच्या तरी पेट्री डिशमधला आकडा लासलगावच्या कन्व्हेयरवर आला.

कॉमेंट पाठवली. पुढे?

पोच जपून ठेवा, ईमेल असेल तर पीडीएफ करून. फायनल नोटिफिकेशन आलं की ड्राफ्ट शेजारी ठेवून क्लॉजवार वाचा, काय बदललं, आपलं काय घेतलं, काय नाही. उत्तर हवंच असेल तर आरटीआय २००५ आहे, आलेल्या हरकती आणि त्यावरची टिपणी मागता येते. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यालाच कोणी तयार होत नाही, तर ज्यांना बोलायला आवडत नाही पण बारकाईने वाचायला आवडतं अशा मंडळींनी पुढच्या बैठकीत माझ्याकडे किंवा सेक्रेटरींकडे नाव द्या, मेंबरशिप चालू असेल तर ठीकच, नसेल तर आधी या, फीचं नंतर बघू.